जुन्या संगणकांचा व त्यांच्या मासिकांचा शोध

पुण्यास बुधवारीं व रविवारीं भरत आलेला जुना बाजार आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं निदान दुरून तरी पाहिला असेल. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या पसरलेल्या असतात. त्यांवर पितळी कड्या, बंद पडलेलीं घड्याळें, सायकलींचे सुटे भाग, पंख्यांच्या मोटारी, जुनीं नाणीं आणि कोणाच्या तरी घरांतील तसबिरी मांडलेल्या असतात. मोठीं माणसें तेथें हत्यारें पाहावयास जातात व मुलें गंमत म्हणून जातात. याच पसाऱ्यांत कधीं कधीं चाळीस वर्षांपूर्वींचा एखादा संगणक, लाकडी पेटीचा एखादा रेडिओ, किंवा सुतळीनें बांधलेला संगणकविषयक मासिकांचा गठ्ठा पडलेला असतो. असल्या वस्तु कोठें शोधाव्या, कशा पारखाव्या, आणि मुळांत त्या शोधाव्याच कां, याविषयीं चार गोष्टी येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. शेवटीं आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगूं. कारण या लेखांतील खरा धडा त्या चुकींतच आहे.

अमेरिकेंत अशी चाल आहे कीं, घरांतील वृद्ध माणूस वारलें किंवा घर सोडून गेलें, म्हणजे वारस सर्व सामान त्याच घरांत मांडतात, प्रत्येक वस्तूवर किंमतीची चिठ्ठी लावतात, आणि दोन-तीन दिवस दार उघडें ठेवतात. ज्यास जें हवें असेल तें तो विकत घेऊन जातो. यास तिकडे ‘एस्टेट सेल’ म्हणतात. जुन्या संगणकांचे शोधक अशा घरांपुढें सकाळींच रांग लावून उभे राहतात. आपल्याकडे ही चाल नाहीं. घरांतील माणूस गेल्यावर त्याच्या वस्तु चारचौघांपुढें मांडून विकणें आपल्या मनास बरें वाटत नाहीं. परंतु म्हणून वस्तु घराबाहेर जात नाहींत असें नव्हे. वाडा पाडून तेथें इमारत व्हावयाची असली, मुलें परदेशीं असलीं, किंवा दोन खोल्यांत संसार आटोपावयाचा असला, म्हणजे घर मोकळें करावेंच लागतें. मग कागद रद्दीवाल्याकडे, लोखंड व तांबें भंगारवाल्याकडे, आणि ज्यांत अजून कांहीं जीव आहे असें वाटतें तें जुन्या बाजाराकडे, अशा तीन वाटा फुटतात.

या तीन वाटा नीट ध्यानांत ठेवाव्या. जोंवर वस्तु घरांत आहेत तोंवर यंत्र, त्याचें माहितीपुस्तक, त्याच्या फिती व त्याविषयींचीं मासिकें एकाच कपाटांत असतात. घर मोकळें झालें कीं त्यांची ताटातूट होते व बहुधा तीं पुन्हा एकमेकांस भेटत नाहींत. यंत्र जुन्या बाजारांत मिळेल, परंतु तें चालवावें कसें हें सांगणारा कागद लगद्याच्या हौदांत गेलेला असेल. म्हणून शोधकानें पहिली नजर घरावर ठेवावी, दुसरी रद्दीच्या दुकानावर, आणि तिसरी बाजारावर. पुस्तकांसाठीं अप्पा बळवंत चौकाच्या आसपास चौकशी करावी, व सुट्या भागांसाठीं बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत जावें. तेथील कारागिरांच्या हातांत जें ज्ञान आहे तें सर्वच पुस्तकांतून मिळत नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, ज्या यंत्राची स्मृति आजच्या फोनमधील एका छायाचित्रासही पुरत नाहीं, त्याचा शोध कशास करावा ? आणि त्याविषयींचीं मासिकें तर त्याहूनही निरुपयोगी ! याचें उत्तर एका मासिकाच्याच गोष्टीनें देऊं. १९७५ सालच्या जानेवारींत अमेरिकेंतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नांवाच्या लहानशा संगणकाचें चित्र छापून आलें. तो सुट्या भागांच्या रूपानें सुमारें चारशें डॉलरांस मिळे व वाचकानें तो घरीं जोडावयाचा असे. त्याची मूळची स्मृति अवघी २५६ बाइट होती. म्हणजे या लेखांतील दोन-तीन वाक्यें कशीबशी मावतील एवढी. गंमत अशी कीं, चित्रांतील तें यंत्र आंतून पोकळ होतें, कारण खरा नमुना पाठवितांना वाटेंत गहाळ झाला होता. तथापि तोच अंक पॉल ॲलन नांवाच्या तरुणानें विकत घेऊन आपला मित्र बिल गेट्स यास दाखविला. दोघांनीं त्या यंत्रासाठीं बेसिक ही भाषा लिहिली व त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्ट कंपनीचा आरंभ झाला. मासिकाचा एक अंक हातीं पडल्यानें काय होऊं शकतें, हें यावरून दिसून येईल.

आपल्या देशांतही या विद्येचा इतिहास थोडा नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं पुरा झाला. त्यांत अडीच हजारांहून अधिक निर्वात नलिका होत्या. १९८४ सालीं केंद्र सरकारनें शाळांसाठीं ‘क्लास’ नांवाची योजना काढली व आरंभीं सुमारें अडीचशें शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ जातीचे संगणक आले. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें हें यंत्र १९८१ सालीं बाजारांत आणिलें होतें. त्याच्या प्रचलित नमुन्याची स्मृति ३२ किलोबाइट होती. पडदा म्हणून घरांतील दूरदर्शनसंच जोडावयाचा, आणि कार्यक्रम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर साठवावयाचा, अशी त्याची रीत. पुढें १९८८ सालीं आपल्या पुण्यांतच सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व १९९१ सालीं तिनें ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. आजचे आमचे विद्यार्थी हिंजवडींतील कचेऱ्यांकडे बोट दाखवितात. परंतु त्या कचेऱ्यांच्या मागें अशी एक पिढी आहे कीं जिनें बत्तीस किलोबाइटांत काटकसरीनें विचार करावयास शिकून घेतलें.

त्या पिढीचें शिक्षण पुष्कळसें मासिकांतून झालें. दिल्लीहून १९६९ सालीं निघूं लागलेलें ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’, १९८२ सालीं सुरू झालेलें ‘डेटाक्वेस्ट’, १९८७ सालचें ‘पीसी क्वेस्ट’, आणि ज्यांचे कोणी परदेशीं असतील त्यांच्या घरीं १९७५ पासून निघालेलें अमेरिकन ‘बाइट’, हीं नांवें शोधकानें लक्षांत ठेवावीं. भारतांत सर्वसामान्य लोकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि पुढेंही कित्येक वर्षें तें टेलिफोनच्या तारेंतून थेंबाथेंबानें येई. अशा काळीं ‘पीसी क्वेस्ट’च्या अंकाबरोबर लिनक्स प्रणालीची तबकडी मिळत असे, व दूरच्या गांवच्या विद्यार्थ्यास ती तबकडी म्हणजे मोठें घबाड वाटे. म्हणून असा अंक हातीं आला तर आंतली तबकडी जागेवर आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें.

त्याहूनही जुन्या अंकांत आणखी एक विशेष आढळतो. तयार कार्यक्रम विकत घेणें महाग असल्यामुळें मासिकें सबंध कार्यक्रम ओळीमागून ओळ छापीत, आणि वाचक तो आपल्या संगणकावर बोटांनीं उतरवून घेत. शंभर ओळी उतरवावयास दोन संध्याकाळ लागत. त्यांत छापखान्याची एक जरी चूक राहिली तरी यंत्र अडे किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चुकीचें उत्तर बिनदिक्कत देई. मग पुढील महिन्याच्या अंकांत संपादक दुरुस्ती छापीत. म्हणजे एक अंक पुढच्या अंकावांचून पुरा होत नसे. ही गोष्ट वाचकांनीं मनांत धरून ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां पारख कशी करावी तें सांगतों. यंत्राच्या आंतील काळ्या चौकोनी चिपांवर पुष्कळदां चार आंकडे एकत्र छापलेले असतात. त्यांतील पहिले दोन वर्ष दाखवितात व पुढचे दोन त्या वर्षाचा आठवडा. ‘८४३२’ असें असेल तर ती चीप १९८४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत तयार झाली असें समजावें. अशा चार-पांच चिपा पाहून त्यांत जी सर्वांत अलीकडची असेल तिच्या आधीं तें यंत्र जोडलें गेलेलें नाहीं, हें निश्चित होतें. मात्र एखादी चीप मागाहून बदललेली नाहीं ना, हें पाहावें. मासिकांच्या बाबतींत पानें सलग आहेत काय, मधली कार्यक्रमाची पानें कोणी फाडून घेतलीं आहेत काय, कसर किंवा वाळवी लागली आहे काय, हें पाहावें. आपल्याकडील पावसाळा हा कागदाचा व चुंबकी तबकड्यांचा मोठा शत्रु होय. तबकडीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रांत घालूं नये. तबकडी तर जाईलच, पण वाचणाऱ्या यंत्राचें डोकेंही खराब होईल.

येथें विद्यार्थ्यांस एक ताकीद देणें अवश्य आहे. बाजारांतून आणलेलें जुनें यंत्र घरीं येतांच विजेच्या बटणास जोडूं नये. त्यांतील धारित्रें, ज्यांस कारागीर कपॅसिटर म्हणतात, इतक्या वर्षांत सुकलेलीं किंवा तडकलेलीं असतात व वीज मिळतांच धूर ओकतात. जुन्या कांचेच्या पडद्यांत तर तार काढून ठेवल्यावरही विजेचा भार शिल्लक राहूं शकतो. म्हणून जाणत्या कारागिरानें पाहिल्याशिवाय यंत्र उघडूं नये व सुरूही करूं नये. तशीच, जो पडदा कामाचा नाहीं तो फोडूं नये, कारण त्या कांचेंत शिसें असतें. आणि तांब्यासाठीं तारा जाळूं नयेत, कारण तो धूर विषारी असतो. असा कचरा अधिकृत संकलकाकडेच द्यावा, यासाठीं आपल्या देशांत २०११ सालीं नियम झाले व २०१२ पासून ते लागू झाले.

जुन्या वस्तु जमविणाऱ्यास लोक हंसतात, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु पुणेकरांनीं तरी हंसूं नये. शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालय सर्वांनीं पाहिलें असेल. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर हे १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमवूं लागले. दिवे, अडकित्ते, कुलुपें, स्वयंपाकघरांतील भांडीं, अशा घरोघरच्या अडगळीच्या वस्तु त्यांनीं गांवोगांव हिंडून मिळविल्या. आणि बाळपणींच वारलेल्या आपल्या मुलाचें नांव त्या संग्रहास दिलें. जो अडकित्ता त्या काळीं कोणी फुकट देऊन टाकला असता, तोच पाहावयास आज परदेशचे लोक येतात. आमच्या काळचा अडकित्ता म्हणजे हा संगणक व हीं मासिकें होत.

आतां आमच्या चुकीकडे वळूं. सदाशिव पेठेंतील एक जुना वाडा पाडावयाचा ठरला होता. तेथें राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचे यजमान विद्युत् अभियंते होते. ते वारून कांहीं वर्षें झालीं होतीं. घर आवरण्याचें चाललें आहे असें कळल्यावरून, त्यांची परवानगी घेऊन, आम्ही नववीच्या चार विद्यार्थ्यांसह तेथें गेलों. माडीवरच्या खोलींत कापडाखालीं झांकलेला एक बीबीसी मायक्रो होता. यजमानांनीं तो विलायतेहून शिक्षण आटोपून येतांना आणिला होता. शेजारच्या फळीवर त्या यंत्राविषयींचीं चार-पांच वर्षांचीं मासिकें ओळीनें लावलेलीं होतीं.

“सर, यंत्र घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “ह्यांचा फार जीव होता त्यावर. मुलांच्या हातीं गेलें तर बरेंच आहे. कागदांचें काय तें तुम्हीच पाहा, उद्यां रद्दीवाला यावयाचा आहे.”

आम्हीं त्यांस सांगितलें कीं, या यंत्रास व मासिकांस हौशी लोक रद्दीपेक्षां पुष्कळ अधिक किंमत देतात. कारण देणाऱ्यास वस्तूचें मोल ठाऊक नसतांना ती घेणें हें आम्ही चोरीच्या शेजारचें समजतों. त्यांनीं यंत्राचे पैसे घेतले नाहींत. मासिकांचे मात्र आमच्या आग्रहास्तव घेतले. येथवर सर्व ठीक झालें. परंतु खालीं एकच रिक्षा उभी होती, गठ्ठे जड होते, आणि दुपारचें ऊन होतें. आम्हीं मुलांस सांगितलें, “चांगल्या मुखपृष्ठांचे बारा अंक निवडा, बाकीचे राहूं द्या.” मुलांनीं तसें केलें.

तपकीर गल्लींतील एका कारागिरानें धारित्रें बदलून दिल्यावर तें यंत्र सुरू झालें. प्रथम खालचा व मग वरचा, असे त्याचे दोन स्वर उमटले तेव्हां मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मग त्यांनीं एका अंकांतील कार्यक्रम उतरवून घेतला. कोणतीही तारीख दिली असतां वार सांगावयाचा, असा तो होता. १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख दिली. यंत्रानें शुक्रवार सांगितला, व तें बरोबर होतें. नंतर २६ जानेवारी १९५० दिली; यंत्रानें पुन्हा शुक्रवारच सांगितला. परंतु आपलें प्रजासत्ताक झालें तो वार गुरुवार होता. मुलांनीं सर्व ओळी तीनदां ताडून पाहिल्या. उतरविण्यांत चूक नव्हती.

मग एका विद्यार्थिनीनें तें पान खिडकीशीं नेऊन तिरपें धरलें. एका ओळीशेजारीं समासांत पेन्सिलीनें पुसट लिहिलें होतें : “पुढील अंक पाहा.” पुढील अंक आमच्या बारांत नव्हता. त्याचें मुखपृष्ठ साधें असावें. आम्हीं बाईंस फोन केला. फळी रिकामी झाली होती. रद्दीच्या दुकानीं गेलों. गठ्ठा पुढें घाऊक व्यापाऱ्याकडे गेला होता. त्यापुढें शोध लागला नाहीं.

मुलें मात्र थांबलीं नाहींत. त्यांनीं पन्नास तारखा घेऊन तक्ता मांडला. मार्च ते डिसेंबरमधील सर्व उत्तरें बरोबर आलीं. जानेवारी व फेब्रुवारींत यंत्र एक दिवस पुढें जाई; आणि लीप वर्षीं दोन दिवस. ३० जानेवारी १९४८ हा दुःखद दिवस शुक्रवारचा, पण यंत्र रविवार सांगे. यावरून त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ही गणिताची रीत वर्षाचा आरंभ मार्चपासून धरते, म्हणजे फेब्रुवारीचा वाढीव दिवस वर्षाच्या अगदीं शेवटीं पडतो. तिच्यांत जानेवारी हा मागील वर्षाचा तेरावा महिना व फेब्रुवारी चौदावा. कार्यक्रमानें महिन्याचा आंकडा बदलला होता, पण वर्षांतून एक वजा करणारी ओळ छापतांना गळली होती. एक वर्ष जास्त धरलें गेलें म्हणजे वार एकानें पुढें सरकतो. आणि तें जास्तीचें वर्ष लीप असेल तर दोहोंनीं. मुलांनीं ती एक ओळ घातली व सर्व तारखा जुळल्या.

आमच्या स्नेहसंमेलनांतील प्रदर्शनास त्या बाई आल्या होत्या. एका मुलानें विचारलें, “आजी, एखादी तारीख सांगा ना.” त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “अकरा फेब्रुवारी, एकोणीसशें अडुसष्ट.” पडद्यावर इंग्रजींत रविवार असें उमटलें. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “ह्यांना कारखान्यांतून रजा मिळेना, म्हणून लग्नास रविवार धरला होता.” ती ओळ घातली नसती तर यंत्रानें त्यांस मंगळवार सांगितला असता.

कोणी म्हणेल, अंक हरवला म्हणून मुलें शिकलीं. मग वाईट काय झालें? मुलांनीं चूक शोधली हें त्यांस भूषणावह आहे, परंतु ती शोधावी लागली हा दोष आमचा. शिवाय वाराचें गणित बुद्धीनें पुन्हा मांडतां आलें. पण उरलेल्या अंकांच्या समासांत त्या गृहस्थांनीं पेन्सिलीनें आणखी काय काय लिहून ठेविलें होतें, तें आतां कोणत्याही गणितानें काढतां यावयाचें नाहीं. त्यांनीं आपली मासिकें ओळीनें लावून ठेविलीं होतीं. तीं आम्हीं मुखपृष्ठ पाहून निवडलीं.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, जुनें यंत्र मिळालें तर त्याचा कागदही मागा. मासिकें घेतांना सबंध संच घ्या, एका फेरींत होत नसेल तर दोन फेऱ्या घाला. आणि समास वाचल्यावांचून कोणतें पान टाकूं नका. पालकांस एवढीच विनंति कीं, माळा किंवा कपाट मोकळें करावयाचें असेल तेव्हां रद्दीवाल्यास बोलावण्यापूर्वीं एक दिवस थांबावें, व त्या दिवशीं घरांतील मुलांस तो गठ्ठा सोडून पाहूं द्यावा.